नादकाटा

रुवीच्या दवाखान्यात शीबा सिस्टर
अंगठ्यावर नादकाटा टेकवते.
"थरथर थांबली की सांगा, इलियासभाई."
मला तो हलताना दिसतोय.
पण थांबायला, सुरू कुठं झालं?

साखर, म्हणाली. कधीची असेल.
जी नस सगळ्यांत लांब गेलेली
ती आधी मरते.
हातांचं अजून ठीक आहे,
दिशदाशाच्या गळ्याचा गोंडा
न बघता ओवतो मी.

आधी मुंग्या आल्या.
वाटलं, मशीनच्या पायटीमुळे.
मग आग.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात,
माझी कुठंच गेली नाही.
रात्र रात्र एसीखाली
तळव्यातच बसून राहिली.
चादरीचं टोक लागलं तरी ओरडायचो,
खोलीतले पाचजण कूस बदलायचे,
बोलायचं कुणी नाही.

आणि एका पहाटे सगळं गप्प.
बरा झालो म्हणून
मी खोलीत जिलेबी वाटली. स्वतःही चार खाल्ल्या.

गेल्या जुम्म्याची गोष्ट. नमाजानंतर
दुकानाकडे निघालेलो, डांबर मऊ झालेलं.
मागून चितगावचा एक पोरगा धावत आला,
हातात चप्पल.
"चाचा, आपका है?"
खाली पाहिलं. उजवा पाय उघडा,
कुठल्या वळणापासून, कोण जाणे.
पोराची नजर त्या पायावर गेली
आणि त्यानंच दातओठ आवळून
श्वास आत ओढला.

तेव्हा कळलं,
रस्ता किती तापलाय.