डाग

बेंतो, तू आकडे मागितलेस. कौतुक नको, म्हणालास,
कौतुक पाच-नऊसारखं असतं,
सगळे सगळ्यांना देतात.

तर रविवार. हरमलचा सडा. गवत वाळून पिवळं,
जांभ्यावर तिपाई डुगडुगत होती, एका पायाखाली चप्पल सरकवली.
म्हापशात आमच्या गच्चीवर तारेला बंदी आहे,
सेक्रेटरी कुंकळ्येकारांचं पत्र मी तुला वाचून दाखवलंच होतं,
म्हणून सकाळी सातच्या बसमध्ये मांडीवर दोन कडी.
एक विकतचं, घडीचं, काळ्या पिशवीत मावणारं.
दुसरं तुझं.
कंडक्टर म्हणाला, बाई, एवढं मोठं काकण कुठल्या पदेराचं?

दोन्हींना दहा वॉट. तीच बॅटरी, तीच केबल, तीच मी.

विकतचं चार मिनिटांत उभं राहिलं.
त्याची खुंटी फिरवावी तर नाजूक, हात काढला की सूर सरकतो,
हात त्याला कळतो.
तुझ्या खुंटीला मात्र तू डवलीचा लांब दांडा बसवलेला,
दूर उभं राहून, आमटी ढवळावी तसं.
माणसानं जवळ असावं पण इतकं नाही,
हे तू फ्रिज दुरुस्त करता करता कुठे शिकलास?

खालच्या रिसॉर्टचे दिवे दुपारीही चालू. करकर, करकर.
कड्याचं तोंड नेमकं रिसॉर्टकडे केलं
आणि करकर गेली.
ज्याच्यासमोर सरळ उभं राहावं त्याचंच ऐकू येत नाही,
कडेनं आलेलं तेवढं ऐकू येतं.
दोन्ही कडी यात सारखी. आकडा नाही, तरी लिहून ठेवलं.

वीस मीटरवर मस्कतचा माणूस: पाच-नऊ, दोन्हींना.
तो जेवायला बोलावलं असतं तरी पाच-नऊच म्हणाला असता.
मोंबासाच्या बाईंनी विकतच्यावर माझं नाव तीनदा विचारलं,
तुझ्यावर एकदाच.
ऊन चढलं तसं तुझं तांबं फुगलं, दर दहा मिनिटांनी दांडा धरायला लागला.
मी तक्रार करत नाही. नोंद करते.

मग चाळीस मीटर.
तुझं कडं इथे पटकन जुळलं, बेंतो. फार पटकन.
खुंटी जरा इकडे, जरा तिकडे, काही बिनसत नव्हतं,
मी खूश होऊन थर्मासमधला चहा ओतला
आणि अर्धा कप प्यायल्यावर आठवलं, तूच म्हणायचास:
चांगलं कडं हट्टी असतं, केसभर जागेत बसतं.
सहज जुळणारं कडं कुठेतरी गळत असतं.

हुबळीला विकतचं पाच-सात. तुझं पाच-तीन.
कोचीला विकतचं पाच-पाच. तुझं
ऐकलंच नाही.

म्हशी राखणारा एक पोरगा मघापासून उभा होता, मोळू नावाचा.
कोण आसा थंय? त्यानं विचारलं.
कोचीला कोणी नव्हतं, म्हणून मी त्याला सांगितलं, थांब, बघूया.
नळीवरून बोट फिरवत गेले,
चिंध्या, टेप, तू खिळ्यानं कोरलेली तारीख,
आणि खाली डावीकडच्या सांध्यात
हिरवं.
मुंगीएवढं. पाच पावसाळ्यांचं, खाऱ्या वाऱ्याचं.
एवढ्याशा जागेत माझं अर्धं बोलणं
ऊब होऊन जात होतं, कोचीला पोचतच नव्हतं.
मोळूनं बोट लावलं, म्हणाला, गरम नाही.
नसेलही. दहा वॉटचं अर्धं किती.

हे आकडे. विकतचं चाळीसवर जिंकलं, वीसवर तुझं.
स्विंडनमध्ये मुलाच्या घरी तुला खिळा ठोकायचीही परवानगी नाही,
हे मला माहीत आहे, तरी खोटं लिहीत नाही.

कथील आणून ठेवलंय. इस्त्री तापते.
पण सांधा तुझ्या हातचा आहे,
आणि मी डाग दिला की पुढच्या रविवारचे आकडे
तुझ्या कड्याचे म्हणायचे की आपल्या?

कळव. तोवर ते पलंगाखाली, जुन्या चादरीत आहे.
शनिवारी सात वाजता वीस मीटरवर असेन,
नेहमीच्या जागेच्या जरा वर.
तुझ्याकडे तेव्हा दुपार असेल.
बोलता येत नसेल तर नुसतं ऐक,
आणि नंतर खरा आकडा पाठव.