म्हणे

एकतीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात
मी दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं.
साक्षीदार "म्हणे" म्हणाला की साहेब हात वर करायचे,
माझी बोटं थांबायची.
पाहिलंत की ऐकलंत?
ऐकलं असेल तर सोडा.
कागदावर त्याची जागाही उरायची नाही,
पुढचं वाक्य तिथे येऊन बसायचं.

तर मंगळवारी, धायरीत, आमच्या लिफ्टपाशी,
हातात मेथीची जुडी, लिफ्ट तिसऱ्यावर अडकलेली,
काहीतरी बोलायचं म्हणून चाकणकरबाईंना म्हणाले,
"पाण्याला वास येतो का हो?
टाकीत कबुतर मेलंय म्हणे."

कोण म्हणे?
टँकरवाला फोनवर कुणाला तरी सांगत होता.
आमच्याच टाकीबद्दल, असं मला वाटलं.

बुधवारी कबुतर मेलं होतं.
गुरुवारी कबुतरं.
शुक्रवारी बी विंगमधल्या कुणाच्या मुलाला कावीळ,
शनिवारी महापालिकेनं अहवाल दाबलेला.
माझं "म्हणे" कुठल्या मजल्यावर गळलं कोण जाणे,
हलका शब्द, जिन्यात सांडला असेल.
रविवारपर्यंत पाच जणांनी मला येऊन सांगितलं,
पाचही शपथेवर बोलावं तसे,
आणि मी मनात पाच साक्षी मोजल्या
आणि वीस लिटरचा जार मागवला.

पुढच्या गुरुवारी सभा.
पर्वती जलकेंद्रातल्या तांबोळीबाई कागद घेऊन आल्या.
"जंतू आढळले नाहीत."
"नाहीत, का आढळले नाहीत?" लायगुडे उठले.
"सोमवारी साडेनऊला खालच्या टाकीच्या नळातून
जे शंभर मिली घेतलं, त्यात आढळले नाहीत."
"आणि आज?"
"आजचं माहीत नाही. आज घेतलं तर परवा सांगेन."
झालं. हॉलमध्ये असा आवाज उठला
जसा आरोपीनं गुन्हा कबूल केल्यावर उठतो.

मग डॉक्टर खळदकर बोलले. डॉक्टर धातुशास्त्रातले,
पण आमच्याकडे गुडघेदुखीसुद्धा त्यांनाच विचारतात.
पोकळ्यांनी दोन वर्षांपूर्वीचं काढलं:
ड्रेनेजची लाइन फुटली तेव्हाही
हेच लोक "पाणी ठीक आहे" सांगून गेले होते.
ते खरं होतं. ते पाणी मीही प्यायले होते.
"हो, तेव्हा आमचं चुकलं," तांबोळीबाई म्हणाल्या,
आणि तेही त्यांच्याच खात्यावर पडलं.

माझ्यातली जुनी खोड उठली.
"कबुतर पाहिलं कुणी?"
लायगुडे पोकळ्यांकडे बघतात, पोकळे खळदकरांकडे,
खळदकर नुसत्या मानेनं चाकणकरबाईंकडे,
आणि चाकणकरबाई, अगदी विश्वासानं, माझ्याकडे.
"तुम्हीच तर सांगितलंत!
दुसरं कुणी असतं तर मी लक्ष दिलं नसतं.
तुम्ही कोर्टातल्या."

मी "म्हणे" म्हणाले होते, असं मी म्हणाले.
कुणाला आठवत नव्हतं.
खरं सांगायचं तर मलाही
ते शपथेवर सांगता आलं नसतं.

दाराशी तुळशीराम उभा होता. टाकी तोच धुतो.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
"पीस व्हतं एक," तो म्हणाला. "काढून टाकलं."
तेवढ्यावरून पुन्हा दोन तट पडले.

सभा मोडल्यावर तांबोळीबाई माझ्याकडे आल्या,
वरच्या नळाचा नमुना घ्यायला.
स्पिरिटच्या बोळ्यानं नळाचं तोंड जाळलं,
पाणी दोन मिनिटं वाहू दिलं,
बाटलीवर तारीख, वेळ, मजला, स्वतःची सही.
मग खुर्चीत टेकल्या. "घोटभर पाणी मिळेल?"

ओट्यावर नळ, शेजारी जार.
मी पेला भरून आणला.
कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.