बारा बाय आठ

सोडतीची चिठ्ठी निघाली
आणि तासाभरात बाजीराव इंगवले राजारामपुरीतल्या दुकानात.
वॉर्ड महिलांना सुटला होता.
त्यांचा फलक पाच वर्षं माझ्या कॉम्प्युटरात तयार पडलेला,
फेटा, चष्मा, मागं पंचगंगेचा घाट.
'काय न्हाई,' म्हणाले, 'फाइल तीच ठेव. तोंड तेवढं बदल.'

वहिनींचा फोटो मिळाला तो वास्तुशांतीचा.
होमापुढं बसलेल्या,
यजमानांच्या कोपराला बोटं टेकवून.
कोपर पुसलं मी, हळूहळू, कडेकडेनं.
बोटं राहिली हवेत,
काहीतरी धरायला निघालेली
किंवा नुकतंच सोडलेली.
असले हात फलकाला चालत नाहीत.

माझ्याकडं जोडलेल्या हातांचं एक फोल्डर आहे.
पुरुषांचे चाळीसेक. बायकांचे एकच,
हिरव्या बांगड्यांचे,
गेल्या खेपेला निवडून आलेल्या मालन चौगुल्यांचे.
पाच वर्षांत त्यांना बोलताना कुणी ऐकलं नाही.
हात मात्र पाच वॉर्डांत लागले.

सौ. वैजयंता बाजीराव इंगवले.
त्यात बाजीराव ठळक, लांबनं दिसेल असं.
खाली संपर्काला साहेबांचा नंबर.
वर पुढारी सात, डाव्या बाजूला दीर, तालमीची पोरं.
उरल्या जागेत वहिनी बसल्या.
बसल्या म्हणजे, बसवल्या.

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं,
त्याखालनं वाकून एक बाई आत आली.
तोंड ओळखीचं, दिवसभर तेच तर कापत होतो.
स्क्रीनकडं बघत राहिल्या.
'हे हात कुणाचे?'
सांगितलं.
'मालनचे व्हय?'
मग बऱ्याच वेळानं,
'कॉलेजात वादविवादाला मला हरवायची ती. दरसाल.'

पासपोर्टचे फोटो काढतो त्या पांढऱ्या पडद्यापुढं
स्वतःच जाऊन उभ्या राहिल्या.
'हात जोडा,' मी म्हणालो, सवयीनं.
'असू देत तसेच.'
डाव्या अंगठ्यावर मशीनच्या सुईचा जुना व्रण,
एका बोटाला शाई.
काढला.

काचेवर दोनशे रुपये ठेवले, घडी उलगडून.
'पावती माझ्या नावानं कर.'
'कुठलं नाव लिहू?'
तोंड उघडलं त्यांनी आणि थांबल्या.
बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.
टेबलावर माझा फोन थरथरायला लागला,
फलकावरचाच नंबर.