माइमूचा पिवळा

मला चित्रातलं काही कळत नाही.
मी होडी वल्हवतो, स्टूल उचलतो,
थर्मास सांडणार नाही एवढं बघतो.

माइमू पोस्टात होती, तेहतीस वर्षं.
या पाणथळीतल्या घराघराचा पत्ता तिला पाठ.
निवृत्त झाली त्या संध्याकाळी म्हणाली,
'आर्वेत, एक पत्ता राहिलाय.'
तो हा: तीन खुरटे पाईन,
त्यांच्या पायाशी काळ्या पाण्याचं डबकं,
डबक्यात उलटे टांगलेले
तेच तीन पाईन.

इतरांना ऋतू चार. सोमामध्ये आम्हाला पाच.
बर्फ वितळला की नद्या घर विचारत येतात,
कुंपणं बुडतात, टपालपेट्या गळ्यापर्यंत पाण्यात,
आणि मी सासऱ्यांनी एकाच खोडातून कोरलेली
होडी बाहेर काढतो.
तेव्हा ती होडीतूनच रंगवते.
'हलू नकोस,' मला म्हणते.
पूर हलतोय, होडी हलतेय, पाईनसुद्धा हलताहेत,
हलायचं नाही ते फक्त मी.

जुलैत डास.
एक तिच्या ओल्या आभाळात चिकटला.
चिमटीने काढायला गेलो तर माझा हात झटकला.
'राहू दे. तो इथलाच आहे.'
ते चित्र आता वाचनालयात लागलंय,
काचेखाली, सहाच्या सहा पायांसकट.

जानेवारीत उणे सोळा.
रंगाच्या पाण्यात ती व्होडका घालते,
म्हणजे ब्रश गोठत नाही.
तरी निळ्याला कागदावर बर्फाची पिसं फुटतातच.
ही काही मी काढलेली नाहीत, म्हणते,
सही मात्र स्वतःचीच करते.
उरलेल्या व्होडकाचं काय होतं
ते विचारू नका.

आणि सप्टेंबर.
शेवाळ तांबडं होतं, क्रॅनबेरी त्यात लपून बसतात,
बर्च दोन आठवडे पिवळे राहतात, वर एक दिवस नाही.
पण गेली सहा वर्षं तिचा सप्टेंबर
दरसाल थोडा जास्त पिवळत गेला.
आधी बर्च. मग पाईन. मग पाणी.
शेवटी शेवटी तर तिचा जानेवारीतला बर्फसुद्धा
माळ्यावरच्या वर्तमानपत्रासारखा.
मी बघत होतो. बोललो नाही.
होडीवाल्याने रंगाबद्दल काय बोलावं?

मार्चमध्ये पार्नूच्या इस्पितळात
तिचे मोतीबिंदू काढले,
आधी उजवा, तीन आठवड्यांनी डावा.
परत आली ती थेट स्वयंपाकघरात,
मांजराला हाकललं,
सगळी चित्रं जमिनीवर मांडली
आणि कोट न काढता उभी राहिली.

'तुला दिसत होतं?'
'दिसत होतं.'
'मग सांगितलं का नाहीस?'
'मला वाटलं, तुला तसंच हवंय.'

किटली शिट्टी मारत होती.
दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

यंदा पूर उशिरा आला.
सहा सप्टेंबर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून
ती होडीत घेऊन बसली.
दुरुस्त करायचे म्हणे, जागेवर जाऊन.
तीन पाईनपाशी आलो.
पहिला सप्टेंबर तिने गुडघ्यांवर घेतला,
ब्रश निळ्यात बुडवला,
समोर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा समोर.
'एवढा निळा होता इथे?'
जणू मीच तो लपवून ठेवला होता.

ब्रश कागदावर टेकलाच नाही.
एक थेंब सुटून पुरात पडला,
क्षणभर दिसला, मग तो पूरच झाला.
तिने चित्र पुन्हा गुंडाळलं.
दोरीला तिची ती जुनी पोस्टाची गाठ मारली.

'आर्वेत, हा पिवळा कोणाचा रे?
बर्चचा, की माझा?'

मी वल्हं मारत राहिलो.
तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो:
सहा वर्षं तिच्या खांद्यावरून बघून बघून
आता मला खरे बर्च
फिके वाटतात.
डोळे तपासून घेतले.
डॉक्टर म्हणाला, अगदी स्वच्छ आहेत.