अकरा मिनिटं

माझं आडनाव काळबांडे.
पवनी डेपोत मी होतो कारबांडे,
बदली होऊन इकडं आलो तर झालो कायबांडे.
बदलीच्या कागदावर तेवढा ळ शाबूत होता,
महामंडळाच्या शिक्क्याखाली चेपून बसलेला.

घड्याळ दोन्ही स्टँडवर सारखंच.
लाल काटा, पांढरी तबकडी, आत एक मेलेली माशी.
सहा म्हणजे सहा, तिथंही आणि इथंही.
पण वैनगंगेवर सूर्य निघाला
की अकरा मिनिटं जातात,
मग किल्ल्याच्या विटा लाल होतात बाळापुरात.
बाराही महिने.
दोन वर्षं मी मांडून पाहिलं,
गाड्यांच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर,
पेन्सिलीनं, तपासणीस आला तर खोडता यावं म्हणून.

पवनीचा सदू दिघोरे पहाटे घाटावरून फोन करतो.
"निंगला बा. पाठवून रायलो बारापूरला."
बारापूर म्हणतो तो, जणू हे गाव
वसलंच दुपारी बारा वाजता.
मी फोन खिशात टाकून मनच्या पुलावर येतो.
अकराव्या मिनिटाला उजेड पोचतो,
पार्सलसारखा, थोडा चेपलेला,
नागपूर अमरावती अकोला करत आल्यासारखा.

वाजिदभाई घडीसाजांना सांगितलं हे एकदा.
डोळ्यातलं भिंग न काढता म्हणाले,
"मियाँ, घडी सही है. सूरज लेट है."
आणि माझ्याकडून चहाचे पैसे घेतले.

इथं सगळंच जरा लेट, पण रुसून नाही.
माणूस वाक्याच्या मधोमध थांबतो,
पानवाल्याकडं वळतो, चुना मागतो, परत येतो,
आणि क्रियापद तिथंच उभं असतं वाट पाहत.
"थांबा ना साहेब, जाऊन राह्यली ना गाडी."
गाडी जाऊन राहते. जात नाही.
कधी या गावात कागद बनायचा म्हणे;
लगदा वाळेपर्यंत थांबायची सवय
अजून बोटांत असेल.

पवनीला बोलणं कमी, उठणं लवकर.
पाण्याचा रंग पाहून वेर सांगायचे घाटावरचे.
आता खाली धरण झालं, नदी उभी राहते.
सदू म्हणतो, "पानी चालतच नाही बा,
मंग वेर कोनाला विचारू?"
म्हणून करत असेल तो फोन.
हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी हिशेब उलटा.
तिकडं अंधार पडतो, दिवे लागतात,
आणि माझ्याकडं उरतात अकरा मिनिटं,
छत्रीच्या पायऱ्यांवर, पिवळी.
तेव्हा मी लावतो फोन:
"आहे अजून. पायऱ्यांवर आहे. एक शेळी बसली आहे त्यात."
तो हसतो. "राहू दे," म्हणतो, "हाकलू नको."

पुसात एका सकाळी धुकं होतं.
तिकडून निरोप आला, निंगला.
मी पुलावर उभा. अकरा झाली, वीस झाली,
पुलाचा कठडासुद्धा दिसेना.
"पोचला का?"
पंधरा वर्षांत एकही गाडी
न येता आली म्हणून लिहिली नाही मी.
म्हणालो, "पोचला."

मागच्या महिन्यात रजेवर गेलो पवनीला.
घाटावर बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "वेय झाली."
सदूनं जाळं खाली ठेवलं.
"तुजी जीभ तिकडंच उतरली का रे?"
मग बराच वेळ दोघंही गप्प.
पाणी उभं. उजेड येत होता,
तिथं तो कोणी पाठवावा लागत नाही.

वहीत मी अजून वेळच लिहितो.
तो ळ ना तिकडं कोणी बोलत, ना इकडं;
मीसुद्धा नाही,
फक्त लिहिताना
जीभ टाळूला लागते, आपोआप.