काटे

बंदरावर माझं दुकान. ट्रॉलरचे फिशफाइंडर, वायरलेस,
पाण्यात पडलेले मोबाइल (ते घेत नाही, तरी आणतात).
जयानंद कुबल आला तो एक काळी काच काखेत मारून.
म्हणाला, हा पडदा क्षितिज दाखवतो. जोडून देशील?
मी म्हटलं, ते दारातून फुकट दिसतं.

बावीस वर्षं जहाजांच्या पोटात काढलेला माणूस,
इंजिनरूममध्ये, जिथे समुद्र नुसता ऐकू येतो.
सोबतच्यांनी कलमांच्या बागा घेतल्या, लॉज बांधले.
ह्याने तारामुंबरीला, खाडीच्या कडेला,
होडेकरांची बंद पडलेली शेड भाड्याने घेतली
आणि आत विमान बांधायला काढलं.

म्हातारे इब्राहीम होडेकर रोज येऊन बसत,
पंखाच्या फासळ्यांवरून हात फिरवत.
"फासळ्यो बऱ्यो बसवलंस," म्हणत,
"पण तळ खंय? लाकूड नाय, डांबर नाय,
ह्याका तरंगाचा कसा कळतला?"
कुबल मान हलवी आणि पुढचा रिवेट मारी.

मी वायरिंग केलं. चौदा महिने,
दुकान बंद करून, लाइट जाईपर्यंत.
आमच्याकडे तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं,
म्हणून कल्हईची तार, प्रत्येक टोकाला नळी, नळीवर नंबर,
आणि सगळी जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली,
दर दोन बोटांवर गाठ.
गाठ आईची, जाळ्याची. एक तुटली तरी दुसरी सुटत नाही.

होकायंत्र पंधरा अंश चुकत होतं.
तीन संध्याकाळी मी पॅनेल उघडलं, मिटलं, कुणाकुणाला शिव्या घातल्या.
चौथ्या दिवशी कुबल बाहेर बिडी प्यायला गेला
आणि काटा शहाण्यासारखा उत्तरेला.
त्याच्या खिशात लोहचुंबक होता,
पडलेले स्क्रू उचलायचा.

इंजिन आलं तेव्हा मात्र तो बोलेना.
त्याच्या जहाजाचं तीन मजली होतं, आत जिने होते.
हे हातगाडीवर मावलं.
होडेकरांच्या जुन्या साखळीने उचललं, चार बोल्ट,
पान्याचा 'कट्' झाला तरी तो पुन्हा पुन्हा ताणून बघत होता,
मग एकदम हात मागे घेतला
आणि लुंगीला पुसला.

वजनाला लिलावातले तीन काटे आणले,
सुरमईचे खवले चिकटलेले. एका चाकाखाली एक.
कॅलेंडरच्या मागे बेरीज, गुणाकार, भागाकार.
परत बेरीज.
भार चार बोटं मागे.
बॅटरी पुढे न्यावी लागेल, असं तो जमिनीला सांगत होता.
म्हणजे माझी जुडी कापायची.
मी दोन दिवस गेले नाही. फिशफाइंडर दुरुस्त केले,
एक तर चांगला चालणाराही उघडला.
तिसऱ्या दिवशी कात्री घेऊन गेले.
गाठी सुटल्या नाहीत, एकेक कापावी लागली.

दिल्लीचा कागद अजून यायचाय.
तोवर टेंपोतून, पंख वेगळे करून, सड्यावर नेलं,
पुन्हा जोडलं, चाकांपुढे जांभ्याचे चिरे लावले.
पंधरावीस माणसं, दोन कुत्रे.
एक पोरगं विचारत होतं, "उडतला? आज उडतला?"
इंजिन पकडलं तसं सुकलेलं गवत मागे आडवं झालं,
कुत्रे पळाले, इब्राहीमचाचांनी टोपी धरली.

मी आत, उजवीकडे, मांडीवर वही.
उंचीमापकात त्या दिवसाचा हवेचा दाब भरला.
काटा थरथरला, सरकला, थांबला:
दोनशे साठ फूट.
चाकं कातळावर. खाली बंदर, माझ्या दुकानाचा निळा पत्रा.
कुबलने काचेवर बोट ठेवलं. "इतके तर आहोतच," म्हणाला.

मी आकडा लिहून घेतला.
मग त्याने इंजिन बंद केलं. पेट्रोल महाग आहे.