प्रकरण सातवे

पुण्याहून संपादकबाईंचा फोन येतो,
सहा प्रकरणं आली, सातवं कुठे?
वाचकांना तेच हवंय हो,
बँड फुटला कसा,
शारजाच्या हॉटेलात त्या रात्री कोण काय बोललं.
मी म्हणतो, लिहितोय.

पहिलं सोपं होतं. म्हार्दोळची जत्रा,
पायपेटीवर वडील,
तिसऱ्या अंकात डुलक्या घेणारं गाव
एका सुरावर जागं करणारे.
दुसऱ्यात हप्त्यांवर घेतलेला कीबोर्ड.
तिसऱ्यात लिगिया, तिचा आवाज,
तिच्या आईनं शिवलेले आमचे पाच जांभळे कोट,
माझा काखेत काचायचा.
पुढे कॅसेटी, विमानं, सह्या मागणाऱ्या मुली.
सही लिगियाची घ्यायच्या,
पर्स मला धरायला द्यायच्या.

सातव्यात एकच वाक्य आहे.
तेही खोडलेलं.

मांडवीवरचा पूल पडला त्या साली
बेतीच्या फेरीत माणसावर माणूस,
मधे आमचा मोठा ड्रम, त्यावर कुणाचं तरी पोर बसवलेलं.
झेफरीन कठड्याला टेकून शीळ घालत होता,
इंजिनाच्या धडधडीशी खेळत, उगाच.
मी ती घरी आणली.
कॅसेटवर छापलं, संगीत : श्रीनिवास म्हार्दोळकर.
वरचा मजला, मुलीचं शिक्षण,
लिहायला बसतो ती ही खुर्चीसुद्धा
त्या सात मात्रांवर उभी आहे.
सातच. चाल मधेच ठेचकाळते.
एका समीक्षकानं लिहिलं होतं, धाडसी.
मी ते कात्रण फ्रेम केलं.

काल कागद घेऊन दिवाडीला गेलो.
झेफरीन ओसरीवर, कानात यंत्र,
ड्रमांनी खाल्लेला डावा कान माझ्याकडे.
मी उजवीकडे बसलो, मोठ्यानं वाचलं,
चोरी हा शब्द दोनदा वाचला.
कुंपणापलीकडच्या बाईनंही ऐकला असणार.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
“म्हज्या मोच्याचें बरयलां मरे?”

बूट. खरंच की.
त्या दिवशी गर्दीत त्याचा एक बूट नदीत पडला होता
आणि त्यानं सबंध कार्यक्रम
एका अनवाणी पायानं वाजवला.
मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो.
तो हसत सुटला, यंत्र कुईं करू लागलं,
ते काढून त्यानं खिशात टाकलं
आणि काहीच ऐकू येत नसताना
तीच शीळ घातली.

शिळेच्या आधी
बोटातली अंगठी खुर्चीच्या लोखंडी हातावर एकदा वाजली.
टक्.
मग शीळ.

तेव्हा ती कठड्यावर वाजली असणार.
मला इंजिन वाटलं.

परतीच्या फेरीत कागद मांडीवर होते.
संपादकबाईंचे दोन फोन येऊन गेले.
मी कठड्याशी उभा राहिलो,
बोटात अंगठी नव्हती,
खिशातलं नाणं काढलं.